या पाहुण्याला आग्रह नको!

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलाचा फोन येतो, "आई, बॉल पायथन आणलाय, पण चार दिवस झाले, काहीच खात नाही." नागर पंचमीला वारुळावर दूध वाहणारी आई चटकन म्हणते, "अरे, मग थोडं दूध दे त्याला!"

पण दूध हे सापाचे अन्नच नव्हे. आफ्रिकेतला हा छोटा अजगर भ्याला की अंगाचा चेंडू करतो. नव्या घरात तो बहुधा भीतीनेच उपाशी राहतो. म्हणून पहिला आठवडाभर त्याला हातात घेऊ नये. अंग जेमतेम मावेल अशी लपायची जागा, पाणी आणि पेटीच्या एका बाजूला ३१-३२ अंश ऊब द्यावी. ऊब नसेल तर अन्न पचत नाही. मग संध्याकाळी त्याच्या अंगाच्या जाडीएवढा, फ्रीझरमधून काढून कोमट केलेला मेलेला उंदीर चिमट्याने पुढे धरावा. नाकारला तर आठवड्याने पुन्हा. मोठा साप महिनोन्‌महिने न खाता राहू शकतो. वजन घटू लागले तर मात्र पशुवैद्य गाठावा.

आपल्याकडे नाग किंवा धामण, म्हणजे केरे हावू, घरात पाळणे १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. त्यांचे ताट शेतातच वाढलेले असते, उंदरांचे!