ताई-दादांचा पोशाख

एप्रिल संपत आला की आमच्या कुंडलमध्ये दोन गोष्टींची तयारी सुरू होते. एक लोणच्याची आणि दुसरी उन्हाळी शिबिराची. गावातले काही शिक्षक आणि कॉलेजात शिकणारी मुलंमुली मिळून पोरांचं आठ दिवसांचं शिबिर घेतात. सकाळी व्यायाम, मग गाणी आणि गोष्टी, दुपारी मातीकाम, एक दिवस डोंगराची सहल आणि शेवटच्या रात्री शेकोटी. मी तिथं कवितेचा तास घेतो. पण माणसाला लिहिता येतं म्हटल्यावर अर्ज, अहवाल, आभाराची पत्रं ही सगळी कामं आपसूक त्याच्याकडं येतात. एका वर्षी असंच एक काम आलं. शिबिरात काम करणाऱ्या ताई-दादांनी कोणते कपडे घालावेत, कसं राहावं, याची नियमावली लिहायची होती.

एका शिक्षकांनी कच्चा खर्डा दिला होता. एकूण चौदा नियम. जीन्स घालू नये, केस मोकळे सोडू नयेत, दागिने घालू नयेत, अत्तर लावू नये, अशी 'नये'ची लांबलचक रांग. मी ती सुवाच्य अक्षरात उतरवली आणि बैठकीत वाचून दाखवली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मागं बसलेली एक मुलगी तेवढी म्हणाली, "चाचा, कुठला नियम कशासाठी, तेही पुढं लिहाल का?"

घरी येऊन लिहायला बसलो आणि अडलो. काही नियमांपुढं कारण लगेच लिहिता आलं. काहींपुढं 'बरं दिसत नाही' यापलीकडं काही सुचेना. त्या दिवसापासून मला हा विषय वाटतो तितका साधा वाटत नाही.

आपण ऊठसूट ज्याचं नाव घेतो तो 'शिस्त' हा शब्द आपल्याकडं फारसीतून आला. जुन्या मराठीत त्याचा एक अर्थ नेम असा आहे. बंदुकीची शिस्त धरायची म्हणजे नेम धरायचा. म्हणजे मुळात शिस्तीला समोर काहीतरी लक्ष्य हवं. शिबिरातल्या पोशाखाचं लक्ष्य एकच असू शकतं, ते म्हणजे मूल. ते सुरक्षित राहावं आणि त्याला सांभाळणाऱ्याला धावता, वाकता, उचलता यावं. या कसोटीवर आपण पायापासून डोक्यापर्यंत एकेक नियम तपासून पाहू.

पायात मागून पट्टा असलेली किंवा पूर्ण बंद पादत्राणं हवीत. कारण सरळ आहे. पळणाऱ्या पोरामागं सपाता घालून धावता येत नाही. शिवाय मे महिन्यात आमच्या माळावर विंचू निघतात. लाल विंचवाचा दंश लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावरचे उपचार शोधण्यात आयुष्य घातलं. तेव्हा सकाळी बूट पायात घालण्याआधी उलटे करून झटकायचे, हाही पोशाखाचाच नियम आहे. आणि तो मुलांना तोंडी सांगण्यापेक्षा त्यांच्यादेखत रोज करून दाखवावा.

पण याच नियमाची दुसरी बाजू मी भोगलेली आहे. एकोणीस-वीस वर्षांचा असताना मी एका शिबिरात मदतनीस होतो. गावाचं आणि संस्थेचं नाव सांगत नाही. तिथं काळे बूट सक्तीचे होते. माझ्याकडं चपला होत्या. चुलतभावाचे बूट मागून नेले, ते दोन बोटं मोठे निघाले. पहिल्याच दिवशी टाचा सोलल्या. टेकडी चढताना मुलं पुढं आणि त्यांना सांभाळणारा मी लंगडत मागं. एक पोरगं घसरून पडलं, तर त्याच्यापर्यंत पोचायला मला वेळ लागला. त्याच्या गुडघ्यावर निभावलं, एवढंच. माझ्या पायात मात्र नियमाप्रमाणं काळे बूट होते.

म्हणून आता आमच्या कागदावर बुटाचा रंग नाही. मापाचं, मागून बांधलेलं आणि न घसरणारं पादत्राण, इतकंच लिहिलं आहे. आणि ज्याच्याकडं ते नसेल त्यानं आठ दिवस आधी एकाच माणसाच्या कानावर घालावं, म्हणजे चारचौघांत मान खाली घालायची वेळ येणार नाही.

आता कपडे. उन्हाळ्यात सुती, सैल आणि फिकट रंगाचे कपडे बरे. सुती कापड घाम शोषून घेतं. तो वाळताना अंगाला थंडावा मिळतो. फिकट रंग ऊन कमी ओढतो. संध्याकाळी पूर्ण बाह्या असल्या की डासांपासूनही बचाव होतो. चुलीजवळ आणि शेकोटीजवळ काम करणाऱ्यांना तर सुती कपड्याचं आणखी महत्त्व आहे. नायलॉन, टेरिलीनचं कापड पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. ओढणी असेल तर तिची टोकं कमरेला बांधावीत, पदर खोचावा, लांब केस बांधावेत. केस मोकळे सोडू नयेत, या नियमापुढं 'चूल' एवढा एकच शब्द लिहिला की तो मुलग्यांनाही लागू होतो. हल्ली त्यांचेही केस खांद्यापर्यंत येतात.

खाकीचंच पाहा. हा शब्द 'खाक' म्हणजे धूळ, यावरून आला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पेशावरकडच्या इंग्रजी फौजेत पांढऱ्या आणि लाल गणवेशाऐवजी मातकट कपडे आले, कारण ते धुळीत मिसळून जात आणि मळके दिसत नसत. पुढं खाकीला रुबाब चिकटला आणि कारण मागं पडलं. बऱ्याच नियमांचं असंच होतं.

आमच्या कुंडलचा इतिहास तर न दिसण्याचाच आहे. हे गाव तेव्हा औंध संस्थानात होतं. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं हे मोठं केंद्र होतं. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ लाड यांची तुफान सेना इथलीच. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ इंग्रजांचा पगार नेणारी गाडी अडवली ती याच मंडळींनी. भूमिगत कार्यकर्त्याला चारचौघांसारखं दिसणं भाग होतं, त्यातच त्याचा जीव होता. शिबिरातल्या ताई-दादांचं याच्या नेमकं उलटं आहे. घाबरलेल्या पोराला गर्दीत, संध्याकाळच्या अंधुक उजेडात, आपला माणूस लांबून ओळखता आला पाहिजे. आणि शिबिरात उगाच शिरलेला परका माणूसही त्यामुळंच लगेच वेगळा दिसतो.

त्यासाठी सगळ्यांना नवा गणवेश शिवायला लावायची गरज नाही. १९०७ साली इंग्लंडमध्ये ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी पहिलं शिबिर घेतलं, त्यातून पुढं स्काउटची चळवळ वाढली. स्काउटच्या गळ्यातला तो रुमाल आपण शाळेत पाहिलेला आहे. उघडला की त्रिकोणी पट्टी होते, हात मोडला तर झोळी होते, धुळीत नाकाला बांधता येतो. आम्ही तेच उचललं. एका रंगाचे सुती रुमाल शिबिराच्या खर्चातून सगळ्यांना दिले आणि छातीवर मोठ्या अक्षरात नाव. बाकी कपडे घरचेच, धुतलेले. ज्याच्याकडं दोनच सदरे आहेत त्यानं ते आलटून पालटून घालावेत. धुतलेला विटका सदरा हा स्वच्छच सदरा असतो.

दागिन्यांचा नियम वाचताना मात्र सगळे हसले. गावाचं नाव कुंडल आणि कानातली काढून ठेवा म्हणता! पण लोंबती कानातली लहान पोरं हमखास ओढतात. मुलाला उचलताना काचेची बांगडी फुटली तर लागतं ते मुलाला. दोरीवर काम करताना अंगठी अडकून बोट कायमचं जायबंदी होऊ शकतं. इथवर कुणाची हरकत नव्हती. अडचण आली ती गळ्यापाशी. कुणाचं मंगळसूत्र, कुणाच्या गळ्यात लिंग, कुणाचा ताईत, कुणाचा क्रूस. ही काही हौसेची लेणी नव्हेत. मग नियम असा झाला, 'गळ्यात जे असेल ते कपड्याच्या आत राहील.' कारण एकच, धावताना ते कशात अडकू नये. सगळ्यांना सारखा लागू, आणि त्यात कुणाचाही अपमान नाही.

अत्तराचा नियम माझ्याच जिव्हारी लागला. शुक्रवारी अत्तराचा बोळा कानात घातल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण आमच्या बाजूच्या कड्याकपारींत आग्यामोहोळं असतात. उग्र वास आणि गडद कपडे यांनी त्या माश्या चवताळतात आणि एकदा उठल्या की लहानथोर पाहत नाहीत. झरी पार्श्वनाथ, गिरी पार्श्वनाथाच्या डोंगरावर पोरांना नेताना अत्तर घरी ठेवायचं, हे मी निमूट मान्य केलं. कारण पटलं की नियम जड जात नाही.

आता डोकं. खर्ड्यातला अकरावा नियम होता, 'डोक्यावर रुमाल, ओढणी, टोपी घेऊ नये. सर्वांनी सारखे दिसावे.' लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं, मी त्यांना ओळखतो. पण दोन दिवसांनी मला कळलं की मागं बसलेल्या त्या मुलीनं प्रश्न विचारला होता तो स्वतःसाठी नव्हे, मैत्रिणीसाठी. मैत्रीण डोक्यावर ओढणी घेते. तिनं भांडण केलं नाही, तक्रार केली नाही. यादीतून आपलं नाव तेवढं काढून घेतलं. आणि तो नियम सुवाच्य अक्षरात उतरवणारा मी. माझ्या घरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावरून पदर घेत आल्या, तरी लिहिताना माझा हात थांबला नाही. छापील वाटावं असं अक्षर काढण्यातच मी दंग होतो.

मी त्या नियमापुढं कारण लिहायला गेलो, तर उलटंच कारण सापडलं. मे महिन्यात आमच्याकडं पारा चाळिशीला टेकतो. डोकं झाकायला नको कसं? झाकायलाच हवं! मग नियम असा लिहिला, 'उन्हात प्रत्येकाचं डोकं सुती कापडानं झाकलेलं असावं. कशानं झाकायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. टोकं खोचलेली असावीत.' आता कुणी पंचा गुंडाळतो, कुणी गांधी टोपी घालतो, कुणी ओढणी घेते. आमची जाळीची गोल टोपी नमाजाला ठीक, पण उन्हाला तिचा काही उपयोग नाही. म्हणून मीही वरून ओला पंचा टाकतो. ती मैत्रीण परत आली. डोंगराच्या सहलीत सगळ्यात लहान पोरांची तुकडी तिच्याकडं होती.

हे प्रश्न आपल्याच गावचे आहेत असं नाही. मुंबईत चेंबूरच्या एका महाविद्यालयानं हिजाब, टोपी, बिल्ले यांवर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि ९ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायालयानं तिला अंशतः स्थगिती दिली. दाढीचंही तसंच. हवाई दलातल्या मुस्लिम जवानाच्या दाढीबाबत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१६ मध्ये दलाच्या नियमाच्या बाजूनं निकाल दिला. सैन्याची गरज वेगळी असेल, तो वाद इथं नको. पण शिबिर म्हणजे सैन्य नव्हे. इथं दाढी आहे की नाही हा प्रश्नच नाही. नखं कापलेली आहेत का, हात धुतले आहेत का, वाढणाऱ्याचे केस झाकलेले आहेत का, एवढंच पाहायचं.

शेवटी एक गोष्ट मुलींच्या बाजूनं. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनानं आपल्या कर्मचाऱ्यांसाठी आणि मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठी पोशाखाच्या सूचना काढल्या. त्यांवर बरीच चर्चा झाली. अशा याद्या वाचताना मी एक सवय लावून घेतली आहे. पुरुषांसाठी किती ओळी आणि बायकांसाठी किती, ते मोजायचं. आमच्या खर्ड्यात चौदांपैकी नऊ नियम मुलींसाठी होते. ते काढून दोघांसाठी एकच वाक्य ठेवलं, 'ज्या कपड्यात मांडी घालून बसता येतं, वाकता येतं आणि पळता येतं, तो कपडा चालेल.' बैठकीतच सगळ्यांनी बसून, वाकून, पळून पाहिलं. सर्वांत आधी नापास झाली ती एका दादाची तंग जीन्स.

एवढं करूनही कुणी चुकलं तर? मुलांसमोर बोलायचं नाही. बाजूला घेऊन सांगायचं आणि जादा कपड्यांच्या पेटीतून हवं ते द्यायचं. ताई-दादाला सगळ्यांदेखत बोल बसले की पोरं आठ दिवसांत दुसरं काही शिको न शिको, दुसऱ्याला कपड्यावरून हिणवायला नक्की शिकतात.

चौदा नियमांचे आता सात उरलेत. प्रत्येकापुढं कारण आहे. तो कागद शिबिराच्या दाराशी चिकटवलेला असतो आणि दर वर्षी नवी मुलं तो उभ्या उभ्या वाचतात. आपल्या शाळेत, मंडळात, घरात असा एखादा कागद असेल तर एकदा काढून पाहा. नियमापुढं कारण लिहिता येतं का बघा. जिथं पेन अडेल, तिथं नेम चुकलेला आहे असं समजा.