आपल्या मापाची सायकल

प्रास्ताविक

सायकल हे आपल्या देशातील सामान्य माणसाचे वाहन आहे. दूधवाला, पोस्टमन, शाळेत जाणारी मुलगी, कारखान्यातला कामगार अशा कितीतरी जणांचा दिवस सायकलवर सुरू होतो. परंतु दुकानात मिळणारी सायकल काही गोष्टी गृहीत धरून बनवलेली असते. चालवणाऱ्याचे दोन्ही पाय सारख्या बळाचे आहेत, दोन्ही हातांची पकड घट्ट आहे, त्याला रस्ता दिसतो आणि तोल सांभाळता येतो, असे ती मानून चालते. ज्याच्या बाबतीत यांपैकी एखादी गोष्ट खरी नाही, त्याने सायकलीचा विचारच सोडून द्यावा काय?

तसे मुळीच नाही. शरीर सायकलीच्या मापाचे करता येत नाही, पण सायकल शरीराच्या मापाची करता येते. दिव्यांग व्यक्ती सायकल कशी निवडते, तिच्यात कोणते बदल करून घेते आणि एक दिवस ती सायकल दुसऱ्याच्या हाती कशी सोपवते, हे या पाठात आपण समजून घेणार आहोत.

आधी हात, मग पाय

सायकलीचा इतिहास सांगताना बहुधा १८१७ या वर्षापासून सुरुवात करतात. त्या वर्षी जर्मनीतील कार्ल फॉन ड्राइस यांनी दोन चाकांचे एक लाकडी वाहन रस्त्यावर आणले. त्याला पायडल नव्हते. बसणारा पायांनी जमिनीला रेटा देत पुढे जाई. पण त्याच्याही दीडशेहून अधिक वर्षे आधी, १६५५ च्या सुमारास, जर्मनीतल्याच न्युरेम्बर्ग शहराजवळ श्टेफान फार्फ्लर नावाच्या घड्याळजींनी तीन चाकांची एक गाडी तयार केली होती. फार्फ्लर यांना चालता येत नसे. घड्याळातल्या दातेरी चाकांची मात्र त्यांना उत्तम जाण होती. हातांनी दांडा फिरवला की दातेरी चाकांमार्फत गाडीचे पुढचे चाक फिरावे, अशी रचना त्यांनी स्वतःसाठी केली.

आज आपल्या गावांत व शहरांत दिसणारी हाताने चालवायची तीनचाकी ही त्याच कल्पनेची वारसदार होय. आपल्या गरजेचे वाहन स्वतः गरजवंतानेच घडवले, ही यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

सायकल घेणे

दिव्यांग व्यक्तीने सायकल घेताना किमतीचा आणि रंगाचा विचार नंतर करावा. पहिला प्रश्न असा, की आपल्या शरीराचा कोणता भाग गाडीला बळ देणार आहे? पाय सशक्त असून केवळ तोल जात असेल, तर पायांनी चालवायची तीनचाकी उपयोगी पडते. दोन्ही पाय दुर्बल असून हात व खांदे बळकट असतील, तर हाताने चालवायची तीनचाकी घ्यावी. दृष्टी नसेल, तर दोन बैठकांची जोडसायकल असते. तिच्यात पुढचा डोळस सोबती दिशा सांभाळतो आणि पायडल दोघेही मारतात. एकच पाय दुर्बल असेल, तर साधी दुचाकीही पुरेशी होते. मात्र तिच्यात काही बदल करावे लागतात.

दुसरा प्रश्न रस्त्याचा आणि घराचा. वाटेत चढ किती आहे? गाडी दारातून आत जाते का? तिच्यावर चढताना आणि उतरताना कोणाची मदत लागेल का? दुसऱ्याने उचलून बसवल्याशिवाय जिच्यावर बसता येत नाही, ती गाडी आपल्याला निम्मेच स्वातंत्र्य देते.

आपल्या देशात १९७२ साली कृत्रिम अवयव व सहायक साधने तयार करणारे सरकारी महामंडळ कानपूर येथे स्थापन झाले. १९८१ पासून केंद्र शासनाच्या योजनेतून गरजू दिव्यांग व्यक्तींना अशी साधने मिळू लागली. असंख्य माणसांना आयुष्यातील पहिली तीनचाकी अशा योजनांमधूनच लाभली. तथापि मिळालेले साधन आपल्या मापाचे आहे की नाही, हे पाहण्याचा अधिकार घेणाऱ्याचाच असतो. हाताचा दांडा सर्वांत दूर गेला असताना कोपर किंचित वाकलेले राहते का, बैठक फार रुंद वा फार अरुंद तर नाही ना, पाय ठेवण्याची फळी योग्य उंचीवर आहे का, हे बसून पाहावे. संकोचाने ‘चालेल’ म्हणून घरी नेलेली गाडी पुष्कळदा अंगणातच गंजत राहते.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार संयुक्त राष्ट्रसंघाने २००६ साली संमत केला आणि भारताने तो २००७ साली मान्य केला. आपल्याला हवे तेव्हा, आपण निवडलेल्या रीतीने आणि परवडेल अशा खर्चात हिंडता-फिरता यावे, हे तत्त्व त्या करारात आहे. यातील ‘आपण निवडलेल्या’ हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे.

सायकल बदलून घेणे

माझ्या परिचयाचे एक मुद्रितशोधक होते. बालपणी झालेल्या पोलिओमुळे त्यांचा उजवा पाय दुर्बल झाला होता. घर आणि छापखाना यांत चार किलोमीटरचे अंतर. तारुण्यात त्यांनी एक जुनी लेडीज सायकल विकत घेतली. तिला मधली आडवी दांडी नसल्याने पाय उंच न उचलता बसता येई. “बायकांची सायकल कशाला घेतलीस?” असे लोक विचारत. ते हसून म्हणत, “सायकल बायकांची नाही आणि पुरुषांचीही नाही. ती माझ्या पायाची आहे.”

एका पायाने सायकल चालवण्यात नेमकी अडचण कोठे येते, ते पाहा. दोन पाय असताना एक पाय पायडल खाली दाबतो, तेव्हा दुसरा पाय वर येऊन तयार असतो. एकच पाय असेल, तर खाली गेलेले पायडल वर कोण आणणार? चाकाचा वेग ते काम करत नाही, कारण फ्रीव्हीलमुळे चाक फिरत राहिले तरी पायडल जागीच थांबते. म्हणजे दाबणारा पाय तोच आणि उचलणाराही तोच.

सायकल मिस्त्री आणि हे गृहस्थ यांनी मिळून यावर दोन उपाय केले. डाव्या पायडलीच्या पुढच्या बाजूस चामड्याची अर्धी खोळ बसवली. तिच्यात चवडा अडकवून पायडल वर ओढता येई. उजवीकडचे पायडल काढून टाकले आणि त्याच्या जागी लोखंडाचा किलोभर वजनाचा तुकडा घट्ट बसवला. डावे पायडल तळाशी असते तेव्हा उजवीकडचे वजन माथ्यावर असते. ते आपल्या भाराने खाली येऊ लागले की डावे पायडल वर उचलले जाते. उजवा पाय विसावण्यासाठी पुढच्या नळीला एक छोटी पट्टी जोडली आणि काठी ठेवायला मागे दोन कड्या लावल्या.

खोळ अर्धीच का ठेवली? पाय पट्ट्याने बांधून टाकला असता, तर ओढायला अधिक जोर आला असता. पण थांबताना जमिनीवर टेकायचाही तोच पाय होता. तो वेळेवर सुटला नाही, तर माणूस आडवा होणार. अर्ध्या खोळीतून पाय मागे सरकवला की क्षणात मोकळा होतो. थोडे बळ सोडून त्यांनी सुरक्षितता घेतली. प्रत्येक बदल करताना असा काय मिळते आणि काय जाते याचा हिशेब मांडावा लागतो.

इतर गरजांसाठी निराळे बदल केले जातात. गुडघा पुरता वाकत नसेल, तर पायडलीचा दांडा आखूड करतात, म्हणजे पायाला लहान वर्तुळात फिरावे लागते. एक पाय आखूड असेल, तर त्या बाजूच्या पायडलीवर लाकडी ठोकळा बसवतात. एकाच हाताची पकड चांगली असेल, तर दोन्ही ब्रेक त्या हाताखाली आणतात. ऐकू येत नसेल, तर मागची वाहने दिसण्यासाठी आरसा लावतात. ज्यांच्या कमरेखाली संवेदना नाही, त्यांनी विशेष काळजी घ्यावी. बैठकीचा दाब जाणवत नसल्याने त्वचेला जखम झाली तरी त्यांना कळत नाही. म्हणून जाड व मऊ गादी वापरावी, अधूनमधून हातांवर भार देऊन अंग उचलावे आणि पाय आऱ्यांत जाणार नाहीत अशा रीतीने बांधावेत. गाडीला मोटार जोडायची असल्यास मात्र नियमांची चौकशी आधी परिवहन कार्यालयात करावी.

सायकलने शरीराप्रमाणे बदलावे, ही गोष्ट क्रीडाक्षेत्रानेही स्वीकारली आहे. पॅरालिम्पिक स्पर्धांत दुचाकी, तीनचाकी, हातसायकल आणि जोडसायकल असे स्वतंत्र विभाग असतात. २०२४ साली पॅरिस येथील स्पर्धांत भारताचे सायकलपटू प्रथमच उतरले. आंध्र प्रदेशातील अर्शद शेख आणि महाराष्ट्राच्या भंडारा जिल्ह्यातील ज्योती गडेरिया हे ते दोन खेळाडू होत. अपघातात पाय गमावल्यानंतर ज्योती यांनी ही वाट धरली.

सायकल सोडणे

सायकल घेण्याचे कौतुक सारेच करतात. ती सोडण्याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. मूल वाढते आणि त्याची गाडी लहान पडते. कोणाला अधिक सोयीचे साधन मिळते. कोणाचे शरीर पूर्वीसारखे साथ देत नाही. ही तिसरी वेळ सर्वांत अवघड असते.

पोलिओ होऊन गेलेल्या व्यक्तींना अनेक वर्षांनंतर पुन्हा स्नायूंचा अशक्तपणा जाणवू शकतो, आणि तो चांगल्या समजल्या जाणाऱ्या अवयवातही येऊ शकतो. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त म्हणून घोषित झाला. परंतु त्यापूर्वी हा आजार झालेली पिढी आज आपल्यामध्येच वयाने वाढते आहे.

आमच्या मुद्रितशोधकांच्या बाबतीत असेच घडले. पंचावन्नी ओलांडल्यावर त्यांचा डावा पाय थकू लागला. ज्या पायाने तीस वर्षे दोघांचे काम केले होते, तोच आता कुरकुरत होता. डॉक्टरांनी पायावरचा भार कमी करायला सांगितले. पण एक दिवस छापखान्याच्या उतारावर ते पडले, तेव्हाच त्यांनी सायकल थांबवली. त्यानंतर ती वर्षभर ओसरीत उभी होती. टायरमधली हवा गेली, तरी ती विकण्याचे नाव ते काढू देत नसत.

शेवटी शेजारच्या आळीतील एका मुलाला त्यांनी ती देऊन टाकली. त्याचा डावा पाय दुर्बल होता. तिसऱ्या दिवशी तो मुलगा सायकल ढकलत परत आला आणि म्हणाला, “काका, ही तुमच्याच पायाची आहे. मला नाही चालवता येत.” खरेच होते ते! सगळी रचना डाव्या पायाने चालवण्यासाठी केलेली, आणि मुलाचा चालता पाय उजवा!

तेव्हा काकांनी कपाटातून एक पत्र्याचा डबा काढला. तीस वर्षांपूर्वी काढलेले उजवे पायडल त्यात तेल लावून जपलेले होते. डबा घेऊन दोघे मिस्त्रीकडे गेले. काम वाटले तितके सोपे निघाले नाही, कारण डाव्या पायडलीचे आटे उलटे असतात. उजवीकडचे वजन तसेच्या तसे डावीकडे बसेना. अखेर डाव्या पायडलीचाच दांडा काढून मिस्त्रींनी त्याला वजन जोडले. खोळ उजवीकडे गेली, पाय ठेवायची पट्टी डावीकडे आली. दुपारभर काका बाजूला बसून एकेक गोष्ट समजावून सांगत होते. संध्याकाळी मुलगा सायकलवर बसून घरी गेला आणि काका रिक्षाने परतले.

या प्रसंगातून काही व्यवहाराच्या गोष्टीही शिकता येतात. बदल करताना काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत. कोणता बदल कशासाठी केला, हे एका कागदावर लिहून ठेवावे. आपल्या शरीराच्या मापाची गादी व पट्टे स्वतःकडे ठेवावेत आणि घेणाऱ्याने आपले नवे करावेत. सरकारी योजनेतून मिळालेली गाडी दुसऱ्याला देण्यापूर्वी संबंधित कार्यालयात नियम विचारावा. आणि मुख्य म्हणजे, ज्याला गाडी द्यायची त्याला आधी तिच्यावर बसवून पाहावे.

समारोप

दिव्यांग व्यक्तीची सायकल ही बाजारातून आणलेली वस्तू म्हणून घरात येते, पण पुढे ती तिच्या शरीराचाच एक भाग होते. म्हणून ती सोडताना दुःख होणे स्वाभाविक आहे. त्या दुःखाला कमीपणा मानू नये. सायकल गेली तरी ती आपल्या मापाची करताना मिळवलेले ज्ञान आपल्याजवळच राहते, आणि ते पुढच्या माणसाला देता येते.

शब्दार्थ

मुद्रितशोधक – छपाईपूर्वी मजकुरातील चुका शोधून दुरुस्त करणारा
फ्रीव्हील – पायडल थांबले तरी चाक फिरत राहू देणारा सायकलीचा भाग
आटे – स्क्रू किंवा दांड्यावरील फिरत्या रेषा
आरे – चाकाच्या मध्यापासून कडेपर्यंत गेलेल्या तारा
जोडसायकल – दोघांनी एकामागे एक बसून चालवायची सायकल

स्वाध्याय

१. एका पायाने सायकल चालवताना पायडल वर आणणे अवघड का जाते? त्यावर कोणते दोन उपाय केले गेले?
२. चामड्याची खोळ अर्धीच ठेवण्यामागचा विचार स्पष्ट करा.
३. “ही तुमच्याच पायाची आहे,” असे मुलगा का म्हणाला?
४. तुमच्या परिसरातील एखाद्या दिव्यांग व्यक्तीशी तिची इच्छा असल्यास बोला. तिने आपल्या वाहनात किंवा घरात कोणते बदल करून घेतले आहेत, यावर दहा ओळी लिहा.