तेजगढची ‘वाचा’

‘वाचा’ हे नाव ऐकलं की मराठी माणूस आधी पुस्तक शोधतो. तेजगढच्या आदिवासी अकादमीतलं ‘वाचा’ मात्र संग्रहालय आहे आणि ते नाव बोलण्याचं, वाणीचं. ‘वाचा बसली’मधली ती वाचा.

बडोद्याहून बोडेली ओलांडून छोटा उदेपूरकडे निघालं की सुमारे ९० किलोमीटरवर हे गाव लागतं. मुलूख राठवा आदिवासींचा. जवळच्या कोराजच्या डोंगरात प्राचीन शैलचित्रं आहेत, म्हणजे इथे दगडावर हात चालवायची खोड जुनीच. मूळचे भोरचे गणेश देवी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात इंग्रजी शिकवत. ती नोकरी सोडून त्यांनी १९९६मध्ये ‘भाषा’ ही संस्था काढली. तेजगढची अकादमी तिचीच.

संग्रहालयात वाद्यं, कापड, चित्रं, रोजच्या वापरातल्या वस्तू आहेत. पण जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती बोली काचेच्या कपाटात ठेवता येत नाही. तिच्यासाठी संस्थेनं ‘ढोल’ नावाचं नियतकालिक काढलं. राठवी, चौधरी, देहवाली, कुकणा अशी त्याची वेगवेगळी रूपं. यातली देहवाली आपल्या नंदुरबारात बोलतात आणि कुकणा म्हणजे नाशिककडची कोकणा. राज्यांची सीमा बोलीला ठाऊक नसते. २०१०मध्ये सुरू झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणामागेही हीच संस्था. त्यात ७८० भाषांची नोंद झाली. महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला.

जेवणात या पट्ट्याचा राजा मका. रोटला आणि उडदाची डाळ रोजची. पानियाचा थाट वेगळा: मक्याच्या पिठाचा जाड थापा रुईच्या पानांत दाबायचा आणि गोवऱ्यांच्या आरावर भाजायचा. वर पानाच्या शिरा उमटतात. खानदेशी माणसाला इथे बट्टी आठवेल, पण पानिया भरड आणि त्याला धुराचा वास.

इथली खरी श्रीमंती मात्र भिंतीवर. राठवांच्या घरात ओसरी आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीवर पिठोरा हे नवसाचं चित्र असतं. संकट आलं, गुरं दगावली, की नवस बोलायचा. तो फेडायचा पिठोरा घालून. कुमारिका भिंत सारवून पांढऱ्या मातीचा हात देतात. रंग दुधात आणि मोहाच्या दारूत कालवतात. मग घोडे येतात, रांगेनं. त्यातल्या एकावर हुक्का ओढणारा बाबा गणेह. हा गणपतीच, पण सोंडेची अपेक्षा ठेवून गेलात तर तो सापडायचा नाही. शेतं, ताडाची झाडं, विहीर येते. हल्ली आगगाडी नि विमानही येतं.

हा पिठोरा राठवा काढत नाहीत, लिहितात. लिहिणारा तो लखारा. पिढ्यान् पिढ्या ज्यांना निरक्षर म्हणून मोजलं, त्यांच्या भाषेत चित्रकाराला शब्द आहे तो लेखकाचा! अकादमीत मला सगळ्यांत भावलं ते हे.

लिहून झालं, की बडवा, म्हणजे त्यांचा भगत, येतो. त्याच्या अंगात आलेलं असतं. तो भिंतीसमोर उभा राहून एकेक घोडा, एकेक देव तपासतो. काही राहून गेलं असेल, तर लखाऱ्यानं तिथल्या तिथे ब्रश उचलायचा आणि राहिलेलं लिहून द्यायचं.