इंग्रजी क्रियापदे : ‘बग’ करणं म्हणजे नेमकं काय?

मुलाकडे नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीला आलेल्या आजी-आजोबांच्या कानावर हे वाक्य लवकरच पडतं : ‘स्टॉप बगिंग मी!’ पोळी संपव, शुभंकरोती म्हण, तो फोन ठेव, असं तिसऱ्यांदा सांगितलं की नातू हेच म्हणतो. आजीला वाटतं, ‘छळू नकोस’ म्हणाला. तसं नाही. तो एवढंच म्हणतोय, ‘आजी, भुणभुण नको ना!’

या क्रियापदातला त्रास मोठा नसतो, पण तो थांबत नाही. ‘बग’ म्हणजे किडा. डास चावतो थोडा, पिडतो फार. आपल्याकडेही डोक्याला भुंगा लागतोच की! अमेरिकी बोलीत हा अर्थ 1940 च्या दशकात रुळला. तो जॅझवाल्यांच्या भाषेतून आला असावा, असं मानतात.

माणूसच बग करतो असं नाही. जुन्या सिनेमातल्या नटाचं नाव आठवत नसेल, तर ‘इट्स बगिंग मी सिन्स मॉर्निंग’ असं आपल्याकडची मंडळी म्हणतात. तिथे ‘इट्स बीन बगिंग मी’ हवं, कारण भुणभुण सकाळी सुरू झाली आणि अजून चालू आहे. कोणी एखादी वस्तू मागून पिच्छा पुरवत असेल तर ‘फॉर’ : ‘शी कीप्स बगिंग मी फॉर अ फोन’. एकच विषय उगाळत असेल तर ‘अबाउट’ : लग्न कधी करतोस, हा प्रश्न ‘अबाउट’मध्ये मोडतो.

सहकाऱ्याला ‘सॉरी टू बग यू’ म्हणणं म्हणजे आपलं ‘जरा त्रास देतो हं’. शाळेच्या मुख्याध्यापकांना पत्र लिहिताना मात्र ‘बॉदर’च बरा. ‘हॅरस’ तर जपून वापरा. इथल्या नोकरीच्या कायद्यात त्या शब्दाला फार वजन आहे. साहेब रोज अहवाल मागतो, तेवढ्यावरून त्याने हॅरस केलं असं गमतीतही म्हणू नये.

कॅरीत या शब्दाचा दुसरा अर्थही घरोघर ऐकू येतो. ‘सॅस’ या सॉफ्टवेअर कंपनीचं मुख्यालय 1980 पासून इथेच आहे, आणि अनेक घरांत जेवणाच्या टेबलावर प्रोग्राममधले बग निघतात. 1947 साली हार्वर्डच्या ‘मार्क टू’ संगणकात पतंग सापडला आणि त्यावरून हा शब्द जन्मला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. गोष्ट छान आहे, पण उलटी आहे. यंत्रातल्या दोषाला एडिसनने 1878 च्या पत्रातच बग म्हटलं होतं. तो पतंग चिकटवताना नोंदवहीत गंमत म्हणून लिहिलं गेलं, की खराखुरा बग प्रथमच सापडला!

तिसरा अर्थ चोरून ऐकण्याच्या यंत्राचा. म्हणून ‘माय रूम इज बग्ड’ म्हणालात, तर खोलीत ढेकूण झालेत असं कोणी समजणार नाही; कोणीतरी चोरून ऐकतंय असं समजतील. ढेकणांना ‘बेडबग्ज’ म्हणा आणि घरमालकाला लगेच कळवा.

पुढच्या आठवड्यात ‘नॅग’ घेऊ. तोवर ‘बग’ची तीन वाक्यं स्वतः करून नातवंडांकडून तपासून घ्या.