वाळल्यावर दिसणारी रेघ

जव्हार-मोखाड्याकडे वारली चित्र कारवीच्या कुडावर लिहिलं जातं. कुडाला शेणामातीचं लिंपण, त्यावर गेरू. तांदूळ वाटून पाण्यात कालवायचे, बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ करायचं आणि लिहायचं. तांदळाची ही पेज ओली असताना रेघ फिकट, अर्धवटच दिसते. पाणी उडालं की पांढरीशुभ्र उमटते. लग्नाचा देवचौक लिहिणाऱ्या सवाशिणींचा हात त्यामुळे डोळ्यांइतकाच सवयीवर चालतो.

चिनी शाईचित्रातल्या तुरटीच्या रेघेलाही असाच हात लागतो. ही शाई म्हणजे काजळी आणि सरस. तिच्यासाठीचा शुआन कागद आन्ह्वेई प्रांतात झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांपासून बनतो, आणि कच्चा, म्हणजे तुरटी-सरस न लावलेला, असेल तर शाई लगेच पसरवतो. सरस घातलेल्या तुरटीच्या पाण्याने आधी रेघ ओढली, तर काही दिसत नाही. ती वाळल्यावर पातळ शाईचा हात फिरवा: तुरटीने सरस तंतूंवर घट्ट बसवलेला असतो, तिथे पाणी मुरत नाही आणि रेघ उजळ राहते. तुरटी बेतानेच घ्यावी. जास्त झाली तर तिच्या आम्लाने कागद कालांतराने ठिसूळ होतो.

गेरूवर मात्र ही युक्ती लंगडी पडते. गेरूचे कण जाड; ते मुरत नाहीत, वरच बसतात आणि रेघ झाकतात. तिथे मेण बरं. सुती कापडावर वितळलेल्या मेणाने आकृती काढा, गेरूचं पाणी द्या, वाळल्यावर जुन्या वर्तमानपत्रांमध्ये ठेवून इस्त्री फिरवा. मेण कागदात उतरतं, कापडाचा पांढरा रंग उरतो. इथे पांढरं वरून चढवायचं नसतं, आधीच राखून ठेवायचं असतं. सगळा क्रम उलटा होतो, म्हणून आकृतीच्या आतले बारीक ठिपके आधीच ठरवावे लागतात.

गेरू एअरब्रशने फवारायचा असेल, तर त्याचं तोंड साधारण ०.२ ते ०.५ मिलिमीटरचं असतं. शेणकाला त्यातून जाणारच नाही. गेरू पाण्यात ढवळावा, जाड कण खाली बसू द्यावेत, वरचं गढूळ पाणी मलमलीतून दोनदा गाळावं, त्यात डिंकाचे थोडे थेंब घालावेत. फवारा कागदावर पोचेपर्यंत निम्मा वाळलेला असतो, त्यामुळे तुरटीची रेघ त्याला अडवत नाही. इथे कागदी साचा, झाडाचं पान किंवा वाळल्यावर सोलून निघणारा रबरी द्रव, असं काहीतरी प्रत्यक्ष झाकणारं हवं.

साच्याने वारली चित्रातली माणसं मात्र काढू नयेत असं मला ठामपणे वाटतं. दोन त्रिकोणांच्या त्या देहात जीव येतो तो काडीच्या थरथरीने. साच्यातून सगळे एकसारखे निघतात. फवारा जमिनीपुरता, धुक्यापुरता ठेवावा. देवचौकावरही असे प्रयोग नकोत, तो विधीचा भाग आहे. पण कागदावर आणि कापडावर खुशाल करावेत. डहाणू तालुक्यातले वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे १९७०च्या दशकात कुडावरून कागदाकडे आले, तेव्हा तोही प्रयोगच होता; २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सुरुवात करताना तुरटीची रेघ हातभर लांबीचीच घ्या आणि ती पूर्ण वाळेपर्यंत शाईला हात लावू नका.