दारावर रंगवलेला ‘नून’

जुलै 2014. ‘इस्लामिक स्टेट’ या दहशतवादी संघटनेच्या ताब्यातल्या इराकी मोसुलमध्ये ख्रिस्ती घरांच्या भिंतींवर ‘नून’ हे अरबी अक्षर उमटलं. ‘नसारा’ म्हणजे ख्रिस्ती, त्याचं आद्याक्षर. शेजारी ‘इस्लामिक स्टेटची मालमत्ता’ असा शेरा. धर्म बदला, जिझिया भरा किंवा चालते व्हा, नाहीतर तलवार. मुदत 19 जुलैच्या दुपारपर्यंत. निघालेल्यांच्या अंगावरचे दागिने, पैसे नाक्यानाक्यावर काढून घेतले गेले. (याच संघटनेने यझिदींची कत्तल केली, बायकामुली विकल्या, शियांनाही सोडलं नाही.)

ऑगस्टमध्ये काराकोश पडलं. जवळपास 50 हजार वस्तीचं, आजही अरामी बोली बोलणारं हे ख्रिस्ती गाव एका रात्रीत ओस पडलं. अल-ताहिरा चर्च जाळलं, त्याच्या अंगणात नेमबाजीचा सराव चाले.

ही गळती मात्र जुनी. 2003पूर्वी इराकमध्ये 12 ते 15 लाख ख्रिस्ती असल्याचा अंदाज होता. आता तीन लाखही नसावेत. 2008मध्ये मोसुलच्या आर्चबिशपांचं अपहरण झालं, मग मृतदेहच सापडला. तेव्हा ‘इस्लामिक स्टेट’चं मोसुलवर राज्य नव्हतं.

2016मध्ये काराकोश सुटलं, 2021मध्ये पोप फ्रान्सिस येऊन गेले. चर्च पुन्हा उभं राहिलं, निम्म्याच्या आसपास माणसं परतली. उरलेली इराकमधल्याच अर्बिलमध्ये, नाहीतर ऑस्ट्रेलिया-कॅनडात.