छपराचा ताप आणि त्यावरील उपाय

हैदराबादचा उन्हाळा आम्हां हैदराबादकरांस नवा नाही. वाळ्याचे पडदे, माठातील पाणी, अंगणातील सडा आणि रात्री गच्चीवर अंथरूण, या चार गोष्टींच्या आधाराने मागील पिढ्यांनी आपले उन्हाळे काढले. परंतु अलीकडे एक तक्रार घरोघर ऐकू येते : दिवस कसाबसा निघतो, रात्र मात्र निघत नाही. पंख्याखाली गरम वारा लागतो आणि वरच्या मजल्यावरील वृद्ध माणसे व लहान मुले पहाटेपर्यंत तळमळतात. ही केवळ गैरसोय नव्हे. २०१५ सालच्या मे महिन्यात आंध्र प्रदेश व तेलंगणा या दोन राज्यांत उष्णतेच्या लाटेने एक हजाराहून अधिक माणसे दगावली. यास्तव घरात उष्णता शिरते कोठून आणि ती अडविता कशी येते, हा विषय सभासद बंधुभगिनींपुढे मांडावा असे आम्हांस वाटले.

उष्णता मुख्यतः वरून येते. हैदराबाद विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे साडेसतरा अंशांवर आहे. त्यामुळे ९ मेच्या सुमारास भरदुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावलीही पडत नाही. ३ ऑगस्टच्या सुमारास पुन्हा तसेच घडते, पण तेव्हा आकाशात ढग असतात. म्हणजे उन्हाळा ऐन भरात असतो त्याच दिवसांत छपरावर ऊन सरळ पडते, आणि भिंतींच्या वाट्याला दुपारी ते फारच थोडे येते. म्हणून खर्च करावयाचा तर तो आधी छपरावर.

हे आपल्या पूर्वजांस पुस्तकावाचून ठाऊक होते. आपल्यापैकी कित्येक घराणी मूळची मराठवाड्यातील, आणि १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. तेथील माळवदाची घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांस त्यांतील गारवा आठवत असेल. तुळयांवर लाकडे, लाकडांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर, असे ते छप्पर. उन्हाची उष्णता त्या थरातून उतरता उतरता सूर्य मावळून जाई. पण माती पावसात वाहून जाते, दरवर्षी नवी घालावी लागते, वाळवी लाकूड खाते. म्हणून माळवद गेले आणि सिमेंटचा स्लॅब आला. स्लॅब मजबूत खरा, परंतु पाच-सहा इंचांचा तो थर उष्णतेला फारसा अडवीत नाही. तो दिवसभर तापतो आणि संध्याकाळनंतर ती उष्णता खोलीत सोडीत राहतो. रात्र निघत नाही, ती यामुळे.

उष्णता अडविण्याचे तत्त्व सोपे आहे. रजई स्वतः उष्ण नसते. तिच्यातील कापूस हवा धरून ठेवतो, आणि कोंडलेल्या हवेतून उष्णता सहजी पार होत नाही. बर्फाची लादी लाकडाच्या भुशात ठेवतात, तीही याच कारणाने. फवाऱ्याचा फोम हे त्याच तत्त्वाचे नवे रूप होय. पॉलियुरेथेन नावाचे हे द्रव्य जर्मनीत ऑटो बायर यांच्या प्रयोगशाळेत १९३७ साली सिद्ध झाले. पॉलिऑल व आयसोसायनेट ही दोन द्रव्ये दोन नळ्यांतून एका पिचकारीत येतात आणि छपरावर पडताच काही सेकंदांत वीस-तीस पट फुगून घट्ट होतात. त्या फेसातील असंख्य बंद पुटकुळ्यांत वायू कोंडलेला असतो. अशा एका इंच फोमची उष्णता अडविण्याची शक्ती हिशेबाने सुमारे पाच फूट जाडीच्या काँक्रीटइतकी भरते.

आता लाभ पाहू. पहिला लाभ गारव्याचा. घरांसाठी २०१८ साली केंद्र सरकारने ‘इको निवास संहिता’ काढली. छपराच्या एका चौरस मीटरमधून, आतबाहेर एका अंशाचा फरक असता, १.२ वॉटहून अधिक उष्णता जाऊ नये असे ती सांगते. सहा इंची उघड्या स्लॅबमधून आमच्या हिशेबाने सुमारे साडेतीन वॉट जाते. वर एक इंच फोम बसविल्यास हाच आकडा एकाच्या खाली येतो. दुसरा लाभ वजनाचा. चार इंच जाडीचा विटांचा कोबा एका चौरस मीटरवर दीडदोनशे किलोंचा भार टाकतो, तर एक इंच फोम सुमारे एका किलोचा असतो. जुन्या घरांच्या दृष्टीने ही गोष्ट मोठी आहे. तिसरा लाभ असा की फोमला सांधा नसतो आणि कानाकोपऱ्यांतही तो सारखा बसतो. ज्यांच्या घरी वातानुकूलन यंत्र आहे त्यांचे वीजबिलही यामुळे उतरते.

परंतु दोष सांगितल्यावाचून गुण सांगणे योग्य नव्हे. फोम उन्हात उघडा राहिल्यास पिवळा पडून भुगा होतो. म्हणून स्लॅबच्या वरून फवारावा आणि त्यावर सिमेंटचा थर व फरशी घालून झाकून टाकावा. तो जळणारा पदार्थ आहे, म्हणून खोलीच्या आतून छताला लावून तसाच उघडा ठेवू नये. फवारताना निघणारी वाफ श्वासास घातक असते. कारागिरांनी योग्य मुखवटा घालावा, आणि घरच्या मंडळींनी, विशेषतः दमेकऱ्यांनी, निदान एक दिवस दुसरीकडे राहावे. गळका स्लॅब आधी दुरुस्त करावा, नाहीतर फोमखाली पाणी मुरत राहील आणि गळतीचे मूळ सापडणार नाही. अमेरिकेत लाकडी घरांच्या पोकळ भिंतींत हा फोम भरतात. आपल्या विटांच्या भिंती भरीव असल्याने तो प्रकार आपल्या उपयोगाचा नाही. शेवटी, फोम उष्णतेला दोन्हीकडून अडवितो. स्वयंपाकाची व माणसांची उष्णता बाहेर जाण्यासाठी रात्री खिडक्या उघडाव्याच लागतात.

फोम महाग आहे, हेही खरे. ज्यांस तो परवडत नाही त्यांनी निराश होऊ नये, कारण उष्णता अडविण्याहून स्वस्त उपाय ती परतविण्याचा आहे. पांढरा रंग ऊन परतवितो, करडे सिमेंट ते पिऊन घेते. हैदराबादेतच आयआयआयटी संस्थेने अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या सहकार्याने कार्यालयांच्या इमारतींवर याची मोजणी केली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार, साध्या काँक्रीटच्या छपराला पांढरा लेप दिल्यास वातानुकूलनाची वीज शेकडा १० ते १९ वाचते. पुढे एप्रिल २०२३ मध्ये तेलंगणा सरकारने शीत छपरांचे धोरण जाहीर केले. २०२८ पर्यंत राज्यात ३०० चौरस किलोमीटर छपरे शीत करावयाची, त्यांपैकी २०० एकट्या हैदराबादेत, असे उद्दिष्ट त्यात ठेवले. ६०० चौरस यार्ड व त्याहून मोठ्या जागेवरील घरांस ते बंधनकारक ठरविले, लहान घरांस ऐच्छिक ठेवले.

यावरून आमचा सल्ला असा : नवे घर बांधणाऱ्याने किंवा गच्चीची मोठी दुरुस्ती काढणाऱ्याने फोमचा विचार अवश्य करावा, कारण वरचा थर व फरशी तेव्हा करावयाचीच असते. जुन्या चांगल्या गच्चीवर पांढरा लेप द्यावा किंवा फुटक्या पांढऱ्या टाइल्स बसवाव्यात. ज्यांची तेवढीही ऐपत नाही त्यांनी दरवर्षी शिमग्याच्या सुमारास चुन्याचे दोन हात द्यावेत. पावसात तो धुऊन जातो, धुळीने मळतो, पण तोवर उन्हाळा निघालेला असतो.

मात्र चुना लावण्यासाठीही गच्चीवर चढणारे कोणीतरी लागते. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी ते कोणी नसते, आणि उन्हाचा मार तर त्यांनाच अधिक. आपल्या सभासद कुटुंबांतील तरुणांनी उन्हाळ्यापूर्वी एखादा रविवार या कामी दिला, तर थोड्या चुन्यात व दोन-तीन तासांच्या श्रमात एखाद्या आजीच्या रात्री सुसह्य होतील. रौप्य आणि सुवर्ण महोत्सव येतात व जातात, त्यांच्या निमित्ताने सुरू झालेले असे एखादे काम मात्र वर्षानुवर्षे चालू राहावे, हीच आमची इच्छा.